वजन कमी करण्याची औषधे आणि पोटाच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड, लिराग्लुटाइड ही वजन कमी करणारी औषधे सुरू केल्यावर ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांतल्या बहुतेक पोटाच्याच असतात, आणि दुष्परिणामांना कंटाळून औषध सोडणाऱ्यांच्या बाबतीतही बहुधा हेच कारण असते. या तक्रारींचा मोठा भाग दोन गोष्टींवर अवलंबून असतो: औषधाची मात्रा किती वेगाने वाढवली जाते आणि एका वेळी ताटात किती अन्न घेतले जाते. दोन्ही गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत, त्यामुळे निमूटपणे त्रास सोसत राहणे किंवा पहिल्याच उलटीनंतर औषध फेकून देणे, या दोहोंपैकी काहीच करण्याची सहसा गरज पडत नाही. पुढील उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. मात्रेत कोणताही बदल औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

ही औषधे नेमकी पोटावरच का परिणाम करतात?

कारण ती मुळात आतड्यातल्याच एका संप्रेरकाची नक्कल आहेत. आपण जेवलो की आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास सांगते, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन-तीन मिनिटे टिकते, सेमाग्लुटाइडचा अर्धायुकाल (रक्तातील औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ) मात्र सुमारे एक आठवडा आहे. म्हणजे जो निरोप जेवणापुरता यायचा, तो आता आठवडाभर अखंड येत राहतो. टिर्झेपाटाइड याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे पाच दिवसांचा आहे.

मळमळ केवळ जठर मंदावल्यामुळे होते असे मात्र नाही. मेंदूच्या तळाशी उलटीचे नियंत्रण करणारा जो भाग असतो, त्याला रक्तातील घटकांपासून फारसे संरक्षण नसते आणि तेथेही जीएलपी-१ चा निरोप टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. म्हणूनच काहींना रिकाम्या पोटीसुद्धा मळमळते, आणि ‘मी तर काही खाल्लेच नाही’ ही त्यांची तक्रार खरी असते.

हा त्रास किती जणांना होतो?

बऱ्याच जणांना होतो, पण सर्वांना नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप १’ या अडुसष्ट आठवड्यांच्या चाचणीत १,९६१ प्रौढांनी भाग घेतला होता. आठवड्याला २.४ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना मळमळ, ३१.५ टक्क्यांना जुलाब, २४.८ टक्क्यांना उलट्या आणि २३.४ टक्क्यांना बद्धकोष्ठता झाल्याची नोंद आहे. पोटाच्या तक्रारींमुळे औषध पूर्णपणे सोडणाऱ्यांचे प्रमाण मात्र ४.५ टक्केच होते. याच चाचणीत ज्यांना औषधाऐवजी निव्वळ खोटे इंजेक्शन दिले गेले, त्यांच्यापैकीही १७.४ टक्के लोकांनी मळमळ आणि १५.९ टक्क्यांनी जुलाब नोंदवले. अडुसष्ट आठवड्यांत माणसाचे पोट एरवीही बिघडतेच. त्यामुळे प्रत्येक तक्रार औषधाच्या माथी मारण्याआधी आदल्या दिवशी काय खाल्ले होते, घरात आणखी कुणाला त्रास होतो आहे का, हे पाहावे.

त्रास किती दिवस राहतो?

मळमळ, उलट्या आणि जुलाब बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर उद्भवतात आणि ओसरतात. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात मळमळीच्या एका प्रसंगाचा मध्यक कालावधी (निम्मे प्रसंग याहून कमी आणि निम्मे याहून जास्त टिकतात असा) आठ दिवसांचा, जुलाबांचा तीन दिवसांचा आणि उलट्यांचा दोन दिवसांचा आढळला. बद्धकोष्ठतेचा मात्र तब्बल ४७ दिवसांचा होता. ज्या तक्रारीची आपण सर्वांत कमी चर्चा करतो, तीच सर्वांत चिवट निघते, आणि म्हणून खाली तिला बरीच जागा दिली आहे.

जठर मंदावण्याचा परिणाम पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, आणि शरीर सरावले की तो बराच कमी होतो. भूक कमी राहण्याचा परिणाम मात्र टिकून राहतो.

मात्रा इतक्या हळूहळू का वाढवतात? मला लवकर पूर्ण मात्रेवर जाता येईल का?

घाई करू नये. वजनासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४ मिलिग्रॅम अशा पायऱ्यांनी वाढवले जाते. टिर्झेपाटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते, चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅमवर जाते आणि त्यापुढे गरज असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने २.५ मिलिग्रॅमने वाढवत जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅमपर्यंत नेता येते. रोज घ्यावयाचे लिराग्लुटाइड ०.६ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ०.६ ने वाढवत ३ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. सुरुवातीच्या मात्रा वजन घटवण्यासाठी नसतातच, त्या पोटाला सराव व्हावा म्हणून असतात. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून मनानेच दुप्पट मात्रा टोचून घेणारे लोक आढळतात. साप्ताहिक औषध एकदा टोचले की ते परत काढता येत नाही आणि पुढचा आठवडाभर त्याची किंमत मोजावी लागते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू, जी फार कमी रुग्णांना ठाऊक असते. वेळापत्रकात चार आठवडे लिहिले आहेत म्हणून पाचव्या आठवड्यात मात्रा वाढवलीच पाहिजे असे बंधन नाही. आधीच्या पायरीवरची मळमळ अजून पुरती शमली नसेल, तर डॉक्टर त्याच पायरीवर आणखी चार आठवडे थांबण्यास सांगू शकतात, एक पायरी खाली उतरवू शकतात, किंवा मधल्याच मात्रेवर वजन नीट उतरत असेल तर तेथेच कायम ठेवू शकतात. सर्वोच्च मात्रा गाठणे हे उपचाराचे उद्दिष्ट नव्हे. म्हणून पुढची पायरी चढण्यापूर्वीच्या भेटीत ‘बरे चालले आहे’ असे मोघम न सांगता गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मळमळले, किती वेळा उलटी झाली आणि शौचाला किती दिवसांनी झाली, हे तीन आकडे सांगावेत. डॉक्टरांचा निर्णय त्यावर ठरतो.

मळमळ कमी करण्यासाठी काय करावे?

सर्वांत मोठा फरक जेवणाच्या आकाराने पडतो. जुन्या सवयीने ताट वाढून घेतले जाते, चार घास उत्तम जातात, आणि मग एका विशिष्ट घासाला काहीतरी बदलते: बारीकसा ढेकर येतो, छातीच्या खाली जडपणा वाटतो, घास तोंडात घोळत राहतो आणि अन्नाचा वास नकोसा होतो. तेथेच थांबायचे असते. पण ताटात टाकू नये या संस्कारापोटी आपण उरलेले तीन-चार घास संपवतो, आणि पुढचे तीन तास अस्वस्थपणे कूस बदलत काढतो. मंदावलेल्या जठराला ते शेवटचे घास भोवतात. त्यामुळे ताट वाढतानाच नेहमीच्या निम्मे घ्यावे, हवे तर नंतर पुन्हा घ्यावे, आणि दिवसातून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खावे.

तळलेले आणि तुपातेलाचे पदार्थ कटाक्षाने कमी करावेत, कारण स्निग्ध पदार्थ मुळातच जठर सावकाश रिकामे करतात आणि औषधाचा परिणाम त्यात भर घालतो. मळमळीच्या दिवसांत मऊ भात, उकडलेला बटाटा, केळे, टोस्ट, पातळ सूप असे सौम्य पदार्थ सोसतात. गरम अन्नाच्या वासाने मळमळ वाढत असेल तर अन्न कोमट किंवा गार करून खावे. जेवताना पोटभर पाणी पिऊ नये. पाणी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घोट घोट प्यावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. आल्याचा तुकडा किंवा आल्याचा सौम्य काढा काहींना बरा वाटतो आणि करून पाहण्यात फारसे नुकसान नाही. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आल्याच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

उपाशी राहणे हा उपाय नाही. भूकच लागत नाही म्हणून दुपारपर्यंत काही न खाणाऱ्यांना रिकाम्या पोटी आम्लामुळे अधिक मळमळते, आणि मग संध्याकाळी एकदम जास्त खाल्ले गेले की त्रास दुणावतो. भूक नसली तरी घड्याळाच्या वेळेवर थोडे खावे आणि त्यात प्रथिने आधी खावीत, म्हणजे पोट लवकर भरले तरी स्नायू टिकवण्यासाठी लागणारे अन्न आत गेलेले असते.

एक वही ठेवावी. साप्ताहिक सेमाग्लुटाइडची रक्तातील पातळी टोचल्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत सर्वोच्च होते. शुक्रवारी रात्री इंजेक्शन घेणाऱ्याने महिनाभर नोंदी ठेवल्या तर पुष्कळदा असे दिसते की शनिवार-रविवारी मळमळ आहे, मंगळवारनंतर काही नाही. हे एकदा दिसले की मेजवान्या, प्रवास आणि जड जेवण त्या दोन दिवसांतून हलवता येतात.

एवढे करूनही मळमळ राहिली तर डॉक्टर काही दिवसांपुरते मळमळीवरचे औषध देऊ शकतात. ते स्वतःहून सुरू करू नये: ऑन्डॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठता वाढते आणि काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, तर मेटोक्लोप्रामाइड दीर्घकाळ घेतल्यास हालचालींचे विकार उद्भवू शकतात.

मला मुळीच मळमळत नाही. म्हणजे औषध लागू पडत नाही का?

असे समजू नये. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांचे विश्लेषण केले असता, वजनातील घटीपैकी पोटाच्या तक्रारींमुळे झालेली घट एका टक्काबिंदूपेक्षाही कमी भरली. वजन उतरले ते भूक कमी झाल्याने. त्रास झाला तरच औषध काम करते ही समजूत चुकीची तर आहेच, पण तिच्यापायी लोक गंभीर लक्षणेही अंगावर काढतात.

उलटी झाली तर काय करावे?

उलटीनंतर अर्धा-एक तास पोटाला विसावा द्यावा आणि मग दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे या हिशेबाने जलसंजीवनी (ओआरएस) घ्यावी. तहान लागली म्हणून ग्लासभर पाणी एका दमात प्यायले तर ते बहुधा परत बाहेर येते. जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवावे; अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये. इंजेक्शन घेतल्यावर उलटी झाली तरी औषध त्वचेखाली गेलेले असते, त्यामुळे ते पुन्हा घेण्याचा प्रश्नच येत नाही. सेमाग्लुटाइडची गोळी घेत असाल आणि ती घेतल्यावर उलटी झाली, तरी त्या दिवशी दुसरी गोळी घेऊ नये.

चोवीस तास पाणीही पोटात टिकत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. उलट्या कमी तीव्रतेच्या असल्या तरी आठवडेच्या आठवडे चालू असतील आणि त्यात चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे किंवा गोंधळल्यासारखे होणे सुरू झाले, तर ते ब१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेचे लक्षण असू शकते. त्यावर त्याच दिवशी उपचार व्हायला हवेत.

बद्धकोष्ठतेवर कोणता उपाय करावा?

तीन गोष्टी एकदम घडलेल्या असतात: आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, खाणे कमी झाल्यामुळे पुढे ढकलायला मलच कमी असतो, आणि तहान कमी झाल्यामुळे पाणी कमी प्यायले जाते. चार दिवसांनी शौचाला होणे ही गोष्ट आता कमी खातो आहे म्हणून स्वाभाविकच आहे, असे मानून लोक दुर्लक्ष करतात. रोज शौचाला झालेच पाहिजे असे नाही हे खरे. पण मल खड्यांसारखा कठीण असेल, कुंथावे लागत असेल किंवा तीन दिवसांहून अधिक काळ पोट साफ झाले नसेल, तर उपाय सुरू करावा. तो जितका लवकर सुरू होईल तितका सोपा असतो, कारण आठवडाभर साचलेला मल मूळव्याध आणि गुदद्वाराची चीर मागे ठेवून जातो, आणि त्या पोटफुगीने मळमळही वाढते. मळमळीच्या गोळ्या बदलून थकलेल्या कित्येकांची खरी अडचण बद्धकोष्ठता असते.

सुरुवात पाण्यापासून करावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात साधारण दोन लिटर द्रव पोटात जाईल असे पाहावे. तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण ती लागेलच असे नाही. त्यानंतर तंतुमय पदार्थ: भाज्या, सालीसकट फळे, डाळी, भिजवलेले मनुके किंवा सुके आलुबुखार. हे प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे, कारण एकदम वाढवल्यास पोट डब्ब होते. इसबगोल उपयोगी आहे, पण त्याची एक अट आहे. ते पाणी शोषून फुगते आणि मगच काम करते, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे. पेलाभर पाणी एका वेळी जातच नसेल, त्या मळमळीच्या दिवसांत इसबगोल घेऊ नये. अशा वेळी मल मऊ ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर अधिक सोईची ठरते. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे घेता येते. सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखी आतड्यांना चालना देणारी औषधे अधूनमधून वापरण्यास हरकत नाही. रोज जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे आणि सकाळी न्याहारीनंतर ठरावीक वेळी शौचाला बसावे.

पोट ताठ फुगले आहे, वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या होत आहेत, अशी स्थिती असेल तर ती बद्धकोष्ठता समजून रेचक घेऊ नये. आतडे बंद पडल्याची ती लक्षणे असू शकतात आणि थेट रुग्णालयात जावे.

जुलाब होत असतील तर?

बहुतेकदा ते दोन-तीन दिवसांत थांबतात. तोवर जलसंजीवनी घ्यावी, दूध, तळलेले पदार्थ, कॉफी आणि साखररहित गोळ्या-चॉकलेटांतील सॉर्बिटॉलसारखे गोडवे टाळावेत. ताप नसेल आणि शौचातून रक्त पडत नसेल तरच जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडचा विचार करावा, आणि तोही एक-दोन दिवसांपुरता. कारण आधीच मंद असलेले आतडे त्याने आणखी मंदावते आणि जुलाबांची जागा बद्धकोष्ठता घेते. मधुमेहाचे मेटफॉर्मिनही चालू असेल तर जुलाबांचे मूळ तेथे असू शकते, आणि दीर्घ परिणामाची मेटफॉर्मिन गोळी लिहून दिल्यावर काहींचा त्रास थांबतो.

करपट ढेकर, सडक्या अंड्यासारखा वास आणि छातीतली जळजळ यांवर काय करावे?

जठरात अन्न जास्त वेळ राहिले की त्यावर जिवाणूंना काम करायला अवधी मिळतो आणि गंधकयुक्त वायू तयार होतो. तोच ढेकरांतून येतो. हे लाजिरवाणे वाटते, पण एरवी निरुपद्रवी असते. रात्रीचे जेवण हलके आणि झोपण्याच्या तीन तास आधी घ्यावे, फसफसणारी पेये बंद करावीत, सावकाश चावून खावे, आणि काही दिवस कांदा, लसूण, अंडी, कोबी, फ्लॉवर यांतले कोणते आपल्याला भोवते ते एकेक कमी करून पाहावे. जळजळीसाठी पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी; नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि फायदा होत नाही. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा जळजळ होत असेल तर आम्ल कमी करणारे औषध किती दिवस घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे. मद्य या काळात जितके दूर ठेवता येईल तितके बरे: ते जठराचा दाह करते, शरीरातले पाणी कमी करते आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते.

कोणती लक्षणे दिसताच थेट रुग्णालयात जावे?

पोटाच्या वरच्या भागात तीव्र, न थांबणारी आणि पाठीकडे जाणारी वेदना, उलट्यांसह किंवा उलट्यांशिवाय, ही स्वादुपिंडदाहाची सूचना असू शकते. ती दुर्मीळ आहे, पण शंका आली तर पुढचे इंजेक्शन घेऊ नये. उजव्या बरगडीखाली दुखणे, ते उजव्या खांद्याकडे जाणे, ताप येणे, डोळे पिवळे होणे किंवा मल मातकट पांढरा होणे हे पित्ताशयाकडे बोट दाखवते. वजन वेगाने उतरते तेव्हा पित्तखडे होण्याची शक्यता वाढतेच, मग ते औषधाने उतरलेले असो वा आहाराने. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ, डांबरासारखे काळे शौच, आठ तासांहून अधिक काळ लघवी न होणे किंवा ती अतिशय गडद होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही असल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. शरीरातील पाणी फार कमी झाल्यास मूत्रपिंडांना अचानक इजा होते, आणि या औषधांच्या बाबतीत तसे घडल्याच्या नोंदी बहुधा उलट्या-जुलाब अंगावर काढलेल्या रुग्णांच्या आहेत.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वेगळी काळजी घ्यावी का?

होय, आणि ती आजारी पडण्याआधी ठरवून ठेवावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना खाणे निम्म्यावर आले तर साखर फार उतरू शकते, म्हणून या औषधांच्या मात्रा सुरुवातीलाच कमी कराव्या लागू शकतात. उलट्या-जुलाबांच्या दिवशी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते अशा रक्तदाबाच्या गोळ्या, ‘फ्लोझिन’ने संपणारी मधुमेहाची औषधे आणि मेटफॉर्मिन यांपैकी काय थांबवायचे, किती वेळ आणि परत केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करू नये. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या त्या दिवशी टाळाव्यात.

गर्भनिरोधक गोळ्यांवर परिणाम होतो का?

टिर्झेपाटाइड घेताना होऊ शकतो. जठर मंदावल्याने गोळीचे शोषण कमी होते, म्हणून औषध सुरू केल्यानंतर चार आठवडे आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे कंडोमसारखे जोडसाधन वापरावे किंवा गोळीखेरीज अन्य पद्धत निवडावी, असे औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितले आहे. कोणतेही औषध घेत असलात तरी गोळीनंतर लवकर उलटी झाली तर चुकलेल्या गोळीचे नियम लागू होतात. गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

पोटाऐवजी मांडीवर इंजेक्शन घेतल्याने मळमळ कमी होते का?

तशी पुष्कळांची धारणा आहे. मात्र पोट, मांडी किंवा दंड यांपैकी कोठेही टोचले तरी सेमाग्लुटाइडचे शोषण सारखेच होते, त्यामुळे जागा बदलून फार अपेक्षा ठेवू नये. इंजेक्शनचा दिवस बदलण्याचा उपयोग अधिक होतो. मात्र दोन मात्रांमध्ये सेमाग्लुटाइडसाठी किमान ४८ तास आणि टिर्झेपाटाइडसाठी किमान ७२ तासांचे अंतर राहिले पाहिजे.

त्रासामुळे एक-दोन इंजेक्शने चुकवली. आता पुढे काय?

सेमाग्लुटाइडची मात्रा चुकली असेल आणि पुढच्या ठरलेल्या दिवसाला ४८ तासांहून अधिक अवधी असेल तर ती घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. टिर्झेपाटाइडसाठी चुकलेल्या वेळेपासून चार दिवसांची मर्यादा आहे. दोन मात्रा एकत्र कधीही घेऊ नयेत. सलग दोन किंवा अधिक आठवडे खंड पडला असेल तर जुन्याच मात्रेने सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण पोटाचा सराव मोडलेला असतो आणि पूर्वी सोसलेली मात्रा आता सोसेलच असे नाही. लिराग्लुटाइड तीन दिवसांहून अधिक काळ चुकले तर पुन्हा ०.६ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते.

इंजेक्शनच्या तयार पेनऐवजी कुपी आणि सिरिंज मिळाली आहे. त्यात काही धोका आहे का?

धोका मापाच्या गोंधळाचा आहे. कुपीवर मिलिग्रॅम, सिरिंजवर युनिट आणि सांगणाऱ्याच्या तोंडी मिलिलिटर, अशी सरमिसळ होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये अशा चुकांबद्दल इशारा दिला होता. काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले होते आणि काहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. सिरिंजमध्ये औषध कोणत्या रेषेपर्यंत भरायचे हे प्रत्यक्ष दाखवून घेतल्याशिवाय पहिले इंजेक्शन घेऊ नये. जास्त मात्रा गेल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मी ऑरलिस्टॅट घेतो. माझ्या तक्रारी वेगळ्याच आहेत.

त्या वेगळ्याच असणार, कारण हे औषध भुकेला हात लावत नाही. ते आतड्यातील मेद पचवणारे विकर (एन्झाइम) अडवते आणि खाल्लेल्या मेदापैकी सुमारे ३० टक्के भाग न पचता बाहेर जातो. तेलकट मल, वारा सरताना कपड्यांना तेलाचे डाग पडणे, अचानक शौचाची घाई होणे, हे सर्व त्या न पचलेल्या मेदाचे परिणाम आहेत. त्यामुळे उपायही ताटातच आहे: दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी मेदाचा वाटा ३० टक्क्यांच्या आत ठेवावा आणि तो तिन्ही जेवणांत विभागावा. एखादे जेवण चुकले किंवा त्यात मेदच नसेल तर ती गोळी घेऊ नये. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदाबरोबर निघून जातात, म्हणून बहुजीवनसत्त्वाची गोळी ऑरलिस्टॅटपासून किमान दोन तास दूर, शक्यतो झोपताना घ्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचे अंतर ठेवावे, आणि रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी रक्त गोठण्याची तपासणी अधिक वेळा करून घ्यावी.

नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑनबद्दल काय सांगाल?

वजन कमी करण्यासाठीच्या या जोडगोळीतही मळमळ, बद्धकोष्ठता आणि तोंडाला कोरड पडणे या तक्रारी दिसतात आणि यातही मात्रा चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवतात. गोळी तेलकट जेवणाबरोबर घेऊ नये, कारण त्याने तिचे शोषण वाढते आणि झटके येण्याचा धोका वाढतो. गोळी चावू किंवा तोडू नये.

शस्त्रक्रिया किंवा एन्डोस्कोपी ठरली आहे. औषध थांबवावे का?

आधी भूलतज्ज्ञांना सांगावे, मग निर्णय घ्यावा. नेहमीचा उपास करूनही जठरात अन्न शिल्लक राहू शकते आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये साप्ताहिक औषध आठवडाभर आधी थांबवण्याचा सल्ला दिला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनात मात्र बहुतेक रुग्णांना औषध चालू ठेवता येईल, पण मात्रा नुकतीच वाढवलेल्या किंवा मळमळ-उलट्या चालू असलेल्या रुग्णांबाबत अधिक सावध राहावे, असे म्हटले आहे. अशा रुग्णांना आदल्या दिवशी चोवीस तास केवळ द्रव आहार घेण्यास सांगितले जाऊ शकते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पोट जड वाटत असेल किंवा उलटी झाली असेल तर ते लपवू नये; तारीख पुढे गेली तरी चालेल.

सगळे करून पाहिले, तरी त्रास थांबत नाही. औषध सोडावे का?

मात्रा कमी करून, बद्धकोष्ठता दूर करून आणि जेवण आटोक्यात आणूनही दोन महिन्यांनंतर रोजचे काम अडत असेल, आवश्यक तेवढे अन्नपाणी पोटात जात नसेल किंवा अन्नावरची वासनाच पार उडाली असेल, तर सोडण्याचा विचार करणे मला रास्त वाटते. एक औषध सोसले नाही म्हणून त्याच गटातले दुसरेही सोसणार नाही असे नसते; सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड यांची थेट तुलना करणाऱ्या २०२५ मधील चाचणीत पोटाच्या तक्रारींमुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण पहिल्याच्या बाबतीत ५.६ टक्के आणि दुसऱ्याच्या बाबतीत २.७ टक्के होते. मात्र जठर मुळातच नीट रिकामे न होण्याचा गंभीर आजार असेल, तर या गटातील औषधे एकूणच टाळावीत.

औषध थांबवल्यावर त्रास दुसऱ्या दिवशी संपेल अशी अपेक्षा ठेवू नये. लिराग्लुटाइडचा अर्धायुकाल सुमारे तेरा तासांचा असल्याने ते दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर पडते. टिर्झेपाटाइडला साधारण चार आठवडे लागतात, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर सेमाग्लुटाइड पाच ते सात आठवडे रक्तात राहते. त्या काळात मळमळ हळूहळू उतरत जाते आणि भूक हळूहळू परत येते, म्हणून वजनाच्या पुढच्या उपचाराची भेट तेवढ्या अवधीच्या आतच ठरवून घ्यावी.